हिरव्या तारेचा माग

इंग्लंडच्या दक्षिणेला, साउदॅम्प्टनच्या खाडीपलीकडे, न्यू फॉरेस्टच्या रानात ब्यूली नावाचे एक लहानसे गाव आहे. नाव लिहायचे फ्रेंच वळणाने आणि उच्चारायचे इंग्रजी वळणाने, असा तिथला रिवाज आहे. मूळ शब्दांचा अर्थ 'सुरेख जागा', आणि गावाने तो अर्थ अजून तरी खोटा ठरवलेला नाही. जॉन राजाने १२०४ साली इथे साधूंना जमीन देऊन मठ वसवला. पुढे आठव्या हेन्रीच्या अमदानीत, १५३८ साली, तो मोडला. आता नदीकाठी पडक्या भिंती, जुनी पाणचक्की, लाल विटांची घरे, आणि रस्त्याच्या मधोमध निवांत उभी असलेली तट्टे व गाढवे! या रानात जनावरे मोकळी सोडण्याचा जुना हक्क तिथल्या रहिवाशांना आहे. त्यामुळे मागे मोटारींची रांग लागली तरी गाढव आपले हलत नाही. कुणी भोंगाही वाजवत नाही. आपल्याकडच्या एखाद्या मोकाट गाईला हा मान पाहून हेवा वाटावा.

अशा या झोपाळू गावात दर सप्टेंबरात एक जत्रा भरते. देव नाही, पालखी नाही. जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार. धर्मकार्यासाठी घरातल्या जुन्यापान्या वस्तू विकायला मांडतात, त्या विक्रीला इंग्रजीत 'जंबल सेल' म्हणतात. त्यावरून १९६७ साली इथे पहिला 'ऑटोजंबल' भरला, आणि शब्दही इथूनच जगभर गेला. आज दोन हजारांहून अधिक दुकाने लागतात. सन २०२३ च्या सप्टेंबरात मी तिथे गेलो, तो एका हिरव्या तारेचा माग काढायला.

माझा पुतण्या बर्मिंगहॅमला असतो. इंजिनियर माणूस, पण नोकरी संगणकाची. त्यामुळे हाताला काळे तेल लागल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्याने १९५७ सालची एक मॉरिस मायनर विकत घेतली. ही मोटार आपल्याला अगदीच अनोळखी नाही. अलेक इसिगोनिस या कल्पक माणसाने तिचा आराखडा केला, १९४८ साली ती लोकांपुढे आली, आणि प्रामुख्याने ऑक्सफर्डजवळच्या काउली गावी सोळा लाखांवर गाड्या तयार झाल्या. तिचीच एक बहीण उत्तरपाड्याच्या कारखान्यातून 'बेबी हिंदुस्थान' या नावाने आपल्या रस्त्यांवर आली होती. गोल पाठीची, बटाट्यासारखी. काही काही जुन्या वाचकांना ती गिरगावात किंवा डेक्कन जिमखान्यावर पाहिल्याचे आठवेल.

गाडी विकणारी बाई पहिल्या मालकाची मुलगी होती. वडील शाळामास्तर. त्यांनी ही एकच मोटार घेतली आणि जन्मभर वापरली. बाईंनी पैशाची फारशी घासाघीस केली नाही, एवढेच सांगितले, "बाबांनी ती घरी आणली तेव्हा जशी होती, तशी मला एकदा बघायची आहे." ऑक्टोबरात येईन म्हणाल्या. पुतण्याने शब्द दिला.

शब्द देणे सोपे असते. पत्रा ठोकून सरळ करता येतो, रंगाची जुनी छटा जुळवून मिळते, इंजिनाचे भाग तर त्या देशात अजून नवे तयार होतात. अडते ते बारीकसारीक गोष्टींपाशी, आणि सगळ्यांत जास्त वायरिंगपाशी. कारखान्याच्या दुरुस्तीच्या पुस्तकात तारांचा नकाशा असतो. कुठल्या रंगाची तार कुठून कुठे जाते ते त्यात कळते. पण ती पत्र्याच्या कुठल्या कडेने गेली, कशाने बांधली, भोकातून जाताना रबराची चकती कसली होती, हे नकाशा सांगत नाही. भागांच्या यादीत पाहावे तर सबंध जुडग्याला एकच नंबर. म्हणजे लग्नाच्या यादीत 'स्वयंपाकाचे सामान' असे एका ओळीत लिहावे, तसे!

खरा पुरावा गाडीतच असतो, आणि गंमत अशी की गाडी नवी करणारे लोकच तो प्रथम नाहीसा करतात. उत्साहाच्या भरात जुने वायरिंग कात्रीने कापून काढायचे, पत्रा धुऊन पुसून लखलखीत करायचा, आणि मग बसायचे डोके खाजवत, की ही पट्टी कुठे होती हो? पुतण्या त्या बाबतीत शहाणा. त्याने कात्रीला हात लावण्यापूर्वी चारशेच्या वर छायाचित्रे घेतली, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली. सूनबाई म्हणाली, "काका, आमच्या लग्नाचेसुद्धा इतके फोटो नाहीत."

त्या काळी इंग्लंडातल्या बहुतेक मोटारींचे विजेचे सामान लुकास कंपनीचे असे. जोसेफ लुकास या माणसाने बर्मिंगहॅमच्या हॉकली भागात हातगाडीवर रॉकेल विकायला सुरुवात केली, मग दिवे, मग मोटारींचे सगळेच. त्यांच्या सामानावरून विनोदही पुष्कळ झाले. लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. मला विचाराल तर त्यात अन्याय अधिक. साठ वर्षे चिखलापाण्यात राहिलेल्या जोडाला गंज चढला, तर दोष कारखान्याचा कसा? उलट त्या लोकांची शिस्त पाहावी. प्रत्येक तारेचा रंग ठरलेला. बॅटरीची मूळ तार तपकिरी, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी, तिथून फ्यूजमधून पुढे निघाली की हिरवी, मोठ्या दिव्यांची निळी, मागच्या लहान दिव्यांची लाल, अर्थिंगची काळी. त्या मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची एक बारीक रेघ असते, तिच्यावरून तारेचे नेमके काम कळते. निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे लांब पल्ल्याचा झोत, निळ्यावर लाल म्हणजे खाली झुकवलेला. आमच्याकडचे अँबॅसडरवाले जुने इलेक्ट्रिशियन हे रंग तोंडपाठ म्हणून दाखवत. ती गाडीही मॉरिसच्याच घराण्यातली, आणि २०१४ पर्यंत निघत होती.

शिवाय लुकासचे लोक डायनॅमो, स्टार्टर, कटआउट यांच्या अंगावर महिना आणि साल ठोकत. हा संशोधकाला केवढा आधार! गेडन गावच्या ब्रिटिश मोटार संग्रहालयात कारखान्याच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. पैसे भरले की त्यांवरून आपल्या गाडीचा दाखला मिळतो. जन्मतारीख, मूळ रंग, इंजिनाचा नंबर, कुठल्या विक्रेत्याकडे पाठवली, सगळे. आमची गाडी निघाली जुलै १९५७ मध्ये. कटआउटवर ठसा '५ ५७'. म्हणजे तो मूळचाच. स्टार्टरवर '२ ६३', म्हणजे तो मागाहून बसवलेला. कुंडली जुळवण्यासारखाच हा प्रकार, फक्त यात खोटे बोलायला कुणाला वाव नाही.

सगळे असे जुळत आले आणि ती हिरवी तार निघाली.

हिरव्यावर तपकिरी रेघ. पुढे डॅशबोर्डच्या खालून निघून मुख्य जुडग्याच्या सोबतीने थेट मागच्या डिकीपर्यंत गेलेली. दोन्ही टोकांना पितळी बुलेट, नीट सोल्डर केलेल्या. पण कशालाच न जोडलेली. हिरवी-तपकिरी म्हणजे गाडी मागे घेताना लागणाऱ्या दिव्याची तार, हे इंग्रजी रंगकोष्टकात स्पष्ट आहे. पण मायनरला कारखान्यातून असा दिवा नव्हताच! नकाशातही ती तार नाही. मग रंग कारखान्याचा आणि तार कारखान्याची नाही, असे कसे?

नवे वायरिंग जुन्या पद्धतीने सुती वीण घालून देणारे कारागीर तिकडे आहेत. पुतण्याने ज्यांना काम दिले होते त्यांनी विचारले, ही जास्तीची तार घालायची की गाळायची? सोमवारी काम फळीवर चढवतो, त्याआधी सांगा. पत्र्याचे काम करणाराही खोळंबला होता. डॅशबोर्डच्या खालच्या पट्टीत एक गोल भोक होते, ते त्याला बुजवायचे होते. बाईंना दिलेला शब्द 'घरी आणली तशी' असा. तेव्हा तार मूळची असेल तर ठेवायलाच हवी. नसेल तर काढायला हवी.

आम्ही शनिवारी पहाटे निघालो. जुडग्याचा मागचा भाग सोडवून सूनबाईच्या भाजीच्या पिशवीत घातला होता. वाटेत गेडनची पाटी दिसली, मग ऑक्सफर्ड. काउलीचा कारखाना अजून चालू आहे. तिथे आता जर्मन मालकीच्या मिनी मोटारी होतात. विंचेस्टरनंतर झाडी दाट होत गेली, लिंडहर्स्टपाशी मोटारींची रांग लागली आणि तिच्या पुढच्या टोकाला, अर्थातच, दोन गाढवे होती.

बाजार पाहून माझी छाती दडपली. हिरव्या माळावर नजर पोचेल तिथवर तंबू आणि टेबले. गंजलेली चाके, दिव्यांच्या काचा, स्टीअरिंगची चक्रे, जुनी पेट्रोलपंपाची डोकी. आमच्या मुंबईच्या चोरबाजाराची आठवण झाली, पण फरक असा की इथे भाव सांगताना कुणी आवाज चढवत नाही आणि पाऊस आला तरी कुणी दुकान आवरत नाही. म्हातारे गृहस्थ गुडघ्यापर्यंत बूट घालून हातात याद्या घेऊन फिरत होते. एका यादीत मी डोकावलो. तिच्यात एकच ओळ होती, आणि तिच्याखाली तीन रेघा!

आमची यादी लांब होती. पहिली खरेदी काळ्या रबरी नळ्यांची. दोन तारांच्या टोकांच्या बुलेट समोरासमोरून जिच्यात दाबून बसवतात, ती ही बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी. आत पितळी पन्हळ, वर रबर. आज मिळतात त्या पुष्कळदा सैल असतात, बुलेट हातानेच निघून येते. सैल जोड तापतो, तापला की वितळतो, आणि मग जुन्या गाडीला आग लागल्याची बातमी येते. त्याहून वाईट ती निळी-तांबडी प्लॅस्टिकची थिंबले, जी हल्ली जो तो पक्कडीने दाबून मोकळा होतो. पुतण्याने डब्यातली एकेक नळी उचलून, सोबत आणलेली बुलेट घालून पाहून, चाळीस नळ्या निवडल्या. दुकानदार रागावला तर नाहीच, उलट खूष झाला. म्हणाला, निवडून घेणारा गिऱ्हाईक हल्ली कुठे मिळतो!

मग फ्यूज. काचेच्या नळीत कागदाची चिंचोळी चिठ्ठी, तिच्यावर ३५ हा आकडा. यात एक मेख आहे. लुकासचा ३५ म्हणजे ३५ अँपियरला तो उडतो. सतत वाहून न्यायचा तो त्याच्या निम्मे, साडेसतरा. आजचा ३५ चा फ्यूज मात्र सतत ३५ वाहतो. आकडा पाहून नवा घालणारा माणूस समजतो की आपण मूळचेच बसवले, आणि तारा बिचाऱ्या तापत राहतात! आणखी एक. या गाडीला चालते फ्यूज अवघे दोन, आणि मोठे दिवे दोहोंपैकी एकावरही नाहीत. कारखान्याने तसेच ठेवले होते. पुतण्याने दिव्यांच्या तारेत एक फ्यूज दिसणार नाही असा लपवून घालायचे ठरवले. तिथे भेटलेल्या एका कट्टर गृहस्थांनी त्यावर मान हलवली. मला विचाराल तर गृहस्थ चूक. मूळची म्हणून जळणारी गाडी कुणाला हवी आहे?

ट्रॅफिकेटर मिळायला दुपार झाली. दिव्यांची उघडझाप या गाडीला १९६१ मध्ये आली. त्याआधी वळताना दाराच्या खांबातून केशरी रंगाचा एक हात बाहेर पडे, आत इवलासा दिवा. हाताच्या बिजागरीपाशी केसासारखी बारीक तार असते आणि नेमकी तीच तुटते. तार शाबूत असलेला हात अकराव्या दुकानात सापडला.

पाय दुखू लागले तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही जरा म्युझियम बघून या." ते ब्यूलीच्या जहागीरदारांनी, लॉर्ड माँटेग्यूंनी, १९५२ साली आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ सुरू केले. हे वडील, जॉन माँटेग्यू, मोटारीचे आद्य पुरस्कर्ते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या लष्करी मोटार-वाहतुकीचे सल्लागार म्हणून ते आपल्याकडे यायला निघाले होते. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ त्यांच्या 'पर्शिया' बोटीला जर्मन पाणबुडीने बुडवले. ते वाचले, सोबतची त्यांची सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन बुडाली. रोल्स रॉइसच्या नाकावर पंख पसरून उभी असलेली मूर्ती तिच्यावरून घडवली असे मानतात. आपल्या संस्थानिकांच्या दारी उभ्या असलेल्या कितीतरी मोटारींवर ती होती, आणि ज्या देशाकडे ती निघाली होती तिथे ती अशी पोचली. मी बराच वेळ त्या दालनात रेंगाळलो.

परत आलो तो पुतण्या एका तंबूत खोक्यावर बसलेला, समोर एक वृद्ध जोडपे. नवरा विजेचे जुने सामान विकत होता, पण आमची पिशवी उघडून बसली होती ती बाई. ऐंशीच्या पुढची असावी. पंधराव्या वर्षी ती मिडलंड्समधल्या एका कारखान्यात वायरिंगच्या खात्यात लागली होती. मोठ्या लाकडी फळीवर खिळे ठोकलेले असत, आपल्या रांगोळीचे ठिपके असावेत तसे. त्या खिळ्यांभोवतून मुली रंगीत तारा फिरवत, आणि सगळ्या बसल्या की वरून सुती वीण घालत. तिने चष्मा पुसला, जुडगा मांडीवर घेतला आणि वाती वळाव्यात तशी बोटे फिरवली.

"ही आमची नव्हे," ती म्हणाली. "आमची प्रत्येक तार विणीच्या आत जायची. ही बाहेरून चालली आहे, आणि दर वीतभर अंतरावर दोऱ्याने बांधली आहे. कारखान्यात एवढा वेळ कुणाला होता?" मग गाठ उलटसुलट पाहून म्हणाली, "घरचे काम आहे. पण रंग कुठला घ्यायचा ते त्याने पुस्तकात पाहिले असणार. माणूस नीटनेटका."

शाळामास्तर! पुतण्याने तिथूनच बाईंना फोन लावला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या सांगू लागल्या. त्यांचे घर एका अरुंद बोळात होते, एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला चर. गाडी मागे घेतच आत न्यावी लागे. रात्री आई टॉर्च घेऊन मागे उभी राहायची आणि "या, या, थांबा," असे सांगायची. एका हिवाळ्यात ती आजारी पडली, तिला थंडीत बाहेर येणे बंद झाले. तेव्हा वडिलांनी मागे एक दिवा लावला आणि डॅशबोर्डखाली त्याचा खटका. पुढे गाडी कुणीतरी ठोकली, त्यात दिवा गेला. आई तोवर नव्हती. त्यांनी तो परत लावला नाही.

आता सांगा, या गाडीत मूळचे काय समजायचे? दाखल्याप्रमाणे हिरवी तार काढायला हवी होती. पुतण्याने मात्र बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "घरी आणली तशी असे मी म्हणाले खरे. पण मला आठवते ती गाडी दिव्याची आहे."

संध्याकाळी बाजार मोडायच्या सुमाराला आम्ही त्या काळचा लुकासचा लहान मागचा दिवा घेतला, आणि त्याला शोभेलसा खटका. पत्र्याच्या माणसाला भोक बुजवू नको असे कळवले. वायरिंगवाल्यांना सांगितले, जुडगा नकाशाप्रमाणेच विणा, जास्तीची तार नको. ती पुतण्याने स्वतः बाहेरून नेली, वीतभर अंतरावर दोऱ्याने बांधून, अगदी मास्तरांच्या गाठीसारखी गाठ मारून. तार मात्र नवी घेतली, कारण जुनीचे वेष्टण भेगाळले होते. जुनी गुंडाळी करून, तारीख लिहून, पाकिटात ठेवली. पुढे कुणी ही गाडी उघडली तर त्याला एवढा तरी माग असावा.

बाई ऑक्टोबरात आल्या. फ्यूजमधल्या चिठ्ठ्या, चाळीस निवडक नळ्या, बिजागरीची केसासारखी तार, यांतले काहीही त्यांनी पाहिले नाही, आणि पुतण्यानेही दाखवले नाही. त्या सरळ गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पुतण्याने खटका दाबला. बाई जरा पाहून म्हणाल्या, "बाबांचा दिवा इतका लख्ख नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्याने आत कमी वॅटचा दिवा बसवला.